हिमालयाची मोटार-प्रदक्षिणा

देवळात प्रदक्षिणा घालावयाची तर देव उजव्या हाताला ठेवूनच, हा आपला दंडक आहे. लडाखातले बौद्ध लोकही आपल्या स्तूपांना तशीच प्रदक्षिणा घालतात. आज ज्या मोटार-रस्त्याविषयी सांगावयाचे आहे, त्यालाही हाच दंडक लागू पडतो. मात्र तेथे कारण धर्माचे नाही, इतिहासाचे आणि माणसाच्या छातीतल्या श्वासाचे आहे.

शिक्षक मित्रांनी फळ्यावर चार ठिपके काढावेत. खाली डावीकडे जम्मू, वर श्रीनगर, उजवीकडे दूर लेह आणि त्याखाली मनाली. मनालीहून पठाणकोटमार्गे पुन्हा जम्मू गाठले की कडे पूर्ण होते. मध्ये राहतो झंस्कारचा डोंगराळ मुलूख. हे कडे जम्मूहून धरावे की मनालीहून, एवढाच आपला प्रश्न.

आता उंची बघा. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. श्रीनगर शहरच जवळजवळ तेवढ्या उंचीवर वसलेले आहे. तेथून झोजी ला लागते ३,५२८ मीटरवर. 'ला' म्हणजे खिंड. पुढे द्रास, कारगिल, मग नमिका ला आणि ४,१०८ मीटरची फोटू ला. ती ओलांडली की रस्ता सिंधूच्या खोऱ्यात उतरतो आणि सुमारे ३,५०० मीटरवरच्या लेहला पोहोचतो. म्हणजे चढ येतो, पण मुक्काम खाली मिळतो. मनालीकडून निघालात तर बारालाचा ला ४,८९० मीटर, आणि तंगलंग ला तर ५,३२८ मीटर! तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी ती खिंड उरतेच. शिवाय वाटेतला सारचूचा मुक्काम ४,२०० मीटरच्याही वर.

हा भेद जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक होता. पश्मिना लोकर लेहवरून काश्मिरात जाई ती झोजी लाच्याच वाटेने. १६८४ सालच्या तिंगमोसगांगच्या तहातही या लोकरीच्या व्यापाराची कलमे होती. पण ती वाट माणसांची नि खेचरांची, गाडीरस्ता नव्हेच.

मग आले १९४८ साल. द्रास आणि कारगिल शत्रूच्या हाती गेले, झोजी लाची वाट तुटली आणि लेह एकटे पडले. २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान लेहच्या ओबडधोबड धावपट्टीवर उतरविले. सोबत जनरल थिमय्या होते. गुरख्यांची एक तुकडी मनालीहून त्या उंच खिंडी पायी तुडवीत लेहला गेली. इकडे मद्रास सॅपर्सनी झोजी लाची खेचरवाट रुंद केली. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, सुगावा लागू नये म्हणून घुमट उतरवून, पायथ्याशी आणले गेले. १ नोव्हेंबर १९४८ रोजी बर्फ पडत असता ते खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल परत मिळाले.

तेव्हा ध्यानात घ्या, हा रस्ता हौसेने आखलेला नाही. तो गरजेपोटी खोदलेला आहे. १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि पुढे मोटारी लेहला जाऊ लागल्या. पर्यटकांना लडाख खुले झाले ते १९७४ साली. मनालीचा रस्ता सर्वसामान्यांच्या वाहनांना मोकळा झाला त्याहीनंतर, १९८९ साली. १९९९ च्या युद्धात टायगर हिल आणि तोलोलिंग एवढ्या मोलाचे ठरले, कारण तेथून हाच श्रीनगर-लेह रस्ता माऱ्यात येत होता.

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि वाट ४६ किलोमीटरने कमी झाली. लाहौलच्या लोकांची हिवाळ्यातली कोंडी फुटली, हे फार मोठे काम झाले. पण प्रवाशाने एक ओळखावे: बोगद्याने वेळ वाचतो, फुप्फुसांना मिळणारी सवड मात्र वाढत नाही. उलट माणूस अधिक लवकर उंचावर जाऊन पोहोचतो.

म्हणून बेत असा आखावा. जून ते सप्टेंबर हा काळ धरावा. जम्मूहून श्रीनगर, तेथे एक-दोन रात्री. मग कारगिलला मुक्काम. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस स्वस्थ बसावे, आणि मगच तंगलंग ला चढावी. डोके ठणकू लागले, मळमळ झाली, तर पुढे चढू नये. श्वास लागू लागला की वेळ न दवडता खाली उतरावे. तेथे शौर्याचे काम नाही.

उतरताना बारालाचावर थोडे थांबा. चंद्रा आणि भागा या दोन नद्या तेथूनच दोन दिशांना निघतात आणि तांदी येथे एकत्र येऊन चंद्रभागा होतात. तीच पुढे चिनाब. पंढरीच्या वाळवंटात उभे राहणाऱ्याला ते नाव परके वाटणार नाही.

आणि वाटेत खडी फोडणारे मजूर दिसतील. झारखंड-बिहारातून आलेली ही माणसे दर उन्हाळ्यात रस्ता पुन्हा उभा करतात, कारण दर हिवाळा तो मोडतो. त्यांच्यापाशी गाडी हळू करा. आपली प्रदक्षिणा पुरी होते ती त्यांच्या हातांवर.