मे महिन्यातली हायड्रिला आणि जगदीशचंद्र बोस

घरी फिशटँक असेल तर तुम्ही हायड्रिला पाहिलीच असेल. पाण्याखाली वाढणारी, बारीक पानांची. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला बीकरमध्ये उलटं नरसाळं ठेवून आपण तिचेच बुडबुडे मोजतो. आज तिचाच इतिहास सांगतो, कारण रिसर्चला येणाऱ्यांनी तो वाचायलाच हवा.

सुरुवात १७७९ ची. यान इंगेनहाउझ यांनी दाखवलं की पाण्यात बुडवलेली हिरवी पानं उन्हात बुडबुडे सोडतात, अंधारात नाही. पुढे १८५० मध्ये लंडनला रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या टाकीत गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. झाडं ऑक्सिजन देणार, गोगलगायी सडकी पानं खाणार. आपला घरचा टँक आजही याच हिशोबावर चालतो.

आता टँकमधली खरी अडचण बघा. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. वर तरंगणाऱ्या पिस्टियाला फिकीर नाही, तिची पानं हवेत असतात. बुडालेल्या हायड्रिलाचं काय? आमच्या पिंप्राळ्यात मे महिन्यात पाणी कोमट होतं, दुपारपर्यंत त्यातला कार्बन डायऑक्साइड संपत येतो, ऑक्सिजन मात्र साचतो. पुस्तकाप्रमाणे तिचं काम मंदावायला हवं.

एमएस्सीला असताना मी बुडबुडे मोजले होते. मे महिन्याचे आकडे हिवाळ्याच्या आकड्यांशी जुळेनात. 'एक्सपेरिमेंटल एरर' असं लिहून मी ते सरळ खोडले.

नंतर बोस वाचले. जगदीशचंद्र बोस यांनी प्रकाशसंश्लेषणावरचं आपलं पुस्तक १९२४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातली मुख्य वनस्पती हायड्रिलाच. बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी स्वतः तयार केलं होतं. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा वेगळी वागते, हे त्यांना दिसलं. उन्हाळ्यातल्या झाडाचा रस आम्लधर्मी होता आणि त्यांनी त्याचा संबंध मॅलिक आम्लाशी जोडला. आकडे जुळत नाहीत म्हणून त्यांनी ते खोडले नाहीत, छापले.

त्याचा अर्थ लागायला काही दशकं गेली. १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक यांनी उसातला सी-फोर मार्ग मांडला, ज्यात कार्बन आधी मॅलिकसारख्या चार कार्बनच्या आम्लात अडकतो. मधल्या काळात मत्स्यालयांच्या व्यापारातून हायड्रिला फ्लोरिडात पोचली आणि तिथले तलाव, कालवे तिने भरून टाकले. तण म्हणून तिचा अभ्यास सुरू झाला. तेव्हा कळलं की गरम पाण्यात, कार्बन डायऑक्साइड कमी पडला की ती सी-फोर पद्धतीकडे वळते. तेही उसासारखी क्रान्झ रचना नसताना, एकाच पेशीत!

बोस यांनी सी-फोर शोधलं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं इतिहासावर अन्याय होईल. त्यांच्याकडे रेडिओॲक्टिव्ह कार्बन नव्हता, मार्ग सिद्ध करायचं साधन नव्हतं. नोंद मात्र खरी होती.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगेन: न जुळणारा आकडा खोडू नका. तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान लिहा, मग मोजणी परत करा. चूक असेल तर दुसऱ्यांदा कळेलच. माझी ती वही अजून घरी आहे. खोडलेले आकडे वाचता येतात, पण त्या दिवशीचं तापमान मी लिहिलंच नव्हतं. त्यामुळे ते आता कुणाच्याच कामाचे नाहीत.