उमेदवाराचा कागद

पावसाळ्यात दार फुगते, वाऱ्याने तावदान फुटते, नळाचा सांधा गळू लागतो, आणि मग आपण ‘कुणीतरी माणूस’ शोधू लागतो. तो येतो, काम करतो, मजुरी घेऊन जातो. ही विद्या त्याने कोणापाशी घेतली, किती वर्षे घेतली, ती पुरी झाली की अर्ध्यावरच सुटली, हे आपण त्याला सहसा विचारीत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तुरीन शहरातील एका धर्मगुरूने हा प्रश्न विचारला, इतकेच नव्हे, तर त्याचे उत्तर मुद्रांकित कागदावर लिहून घेतले. ते धर्मगुरू म्हणजे संत जॉन बॉस्को. त्यांच्या शाळा आपल्याला परिचित आहेत. त्यांच्या करारपत्रांविषयी मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

त्या कागदांचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळाकडे थोडे पाहावे लागेल. युरोपातील शहरांत शतकानुशतके कारागिरांच्या श्रेणी असत. सुतारांची श्रेणी वेगळी, गवंड्यांची वेगळी. मुलाने उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राबावे, पुढे कसोटी द्यावी, प्रवेशशुल्क भरावे आणि मगच स्वतःचे दुकान थाटावे, असा तो दंडक होता. त्यात जाच होता, वशिला होता. उस्तादांच्या मुलांची वाट सोपी आणि परक्याची बिकट होती. पीडमाँटच्या राज्यात राजा कार्लो आल्बेर्तो याने १८४४ साली या श्रेणी मोडीत काढल्या. यापुढे ज्याच्या हाती करवत तो सुतार! दुकान उघडण्याचे स्वातंत्र्य आले, हे चांगलेच झाले. परंतु मुलाला विद्या पुरी मिळते की नाही यावर, कशीबशी का होईना, लक्ष ठेवणारी संस्थाही त्याबरोबर गेली. उस्तादाने मुलाला दोन वर्षे पाणी भरायला लावले आणि तिसऱ्या वर्षी हाकलून दिले, तरी त्याला जाब विचारणारे कोणी उरले नाही.

याच सुमारास तुरीन झपाट्याने वाढत होते. बांधकामांवर गवंडी, पाथरवट, गिलावा करणारे, फरशी बसविणारे हवे होते, आणि डोंगराळ मुलखातून पोरसवदा मुले कामाच्या शोधात शहरात येत होती. ८ डिसेंबर १८४१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, डॉन बॉस्को यांना असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मंदिरात जो बार्तोलोमेओ गारेल्ली भेटला, तो आस्तीचा पोरका मुलगा गवंड्याच्या हाताखालीच काम करीत होता. त्यांच्या कार्याचा आरंभ या भेटीपासून मानतात. रविवारी ते या मुलांना एकत्र जमवीत. पण रविवारवर त्यांचे समाधान नव्हते. आठवड्याच्या इतर दिवशी ते परातींवर आणि कारखान्यांत जाऊन मुलांना भेटत, मालकांशी बोलत. मुलाचे काय होते ते रविवारच्या शिकवणीत कळत नाही, सोमवारच्या कामावर कळते, हे त्यांनी ओळखले होते.

ही जाण त्यांना पुस्तकांतून आलेली नव्हती. वयाची दोन वर्षे पुरी होण्याआधीच त्यांचे वडील वारले होते. कास्तेलनुओव्हो येथे शिकत असताना ते एका शिंप्याच्या घरी राहिले आणि शिवणकाम शिकले. लोहाराच्या भट्टीवर त्यांनी हातोडा आणि कानस चालविली. पुढे किएरी गावी कॉफीगृहात काम करताना ते मिठाई करण्यासही शिकले. मुलांचे कपडे बेतताना हीच विद्या पुढे त्यांच्या उपयोगी पडली.

आता त्या कागदांकडे वळू. १८५१ सालच्या नोव्हेंबरात तावदाने बसविणारा कारागीर कार्लो आयमिनो आणि ज्युसेप्पे बोर्दोने नावाचा मुलगा यांच्यात तीन वर्षांचा करार झाला. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी सुतार ज्युसेप्पे बेर्तोलिनो आणि गारेस्सिओ गावचा ज्युसेप्पे ओदास्सो यांच्यात दोन वर्षांचा दुसरा करार झाला. ज्युसेप्पे म्हणजे आपला योसेफ. एका योसेफाने दुसऱ्या योसेफाला सुतारकी शिकविण्याचे वचन दिले, हा योगायोग आम्हांला गोड वाटतो. सुताराच्या करारात उस्ताद आहे, उमेदवार आहे, उमेदवाराचे वडील आहेत आणि चौथे आहेत स्वतः डॉन बॉस्को.

मुलाने काय करावे ते अशा कागदांत नेहमीच असते: आज्ञाधारक राहावे, मन लावून काम करावे. ते येथेही आहे. परंतु येथील निम्म्याहून अधिक भार उस्तादाच्या खांद्यावर आहे. त्याने आपली कला शिकवायची आहे. तावदानवाल्याच्या करारात तर त्या कलेचे आवश्यक आणि उत्तम नियम सांगण्याचे वचन आहे. मुलाला धंद्याशी संबंध नसलेल्या कामाला जुंपायचे नाही. चूक झाली तर शब्दाने सुधारायचे, अन्य मार्गाने नाही. म्हणजे हात उगारायचा नाही. सणवार आणि रविवार पूर्ण मोकळे ठेवायचे. वर्षातून पंधरा दिवस सुटी द्यायची. मजुरी ठरलेली, आणि काळ जाईल तशी ती चढत जाणारी. मुलाच्या हातून नुकसान झाले तर? ते खोडसाळपणाने झाले असेल तरच भरपाई. हात अजून बसला नाही म्हणून झाले असेल तर नाही. हे शेवटचे कलम आम्ही पुनःपुन्हा वाचले. काच कापायला शिकणाऱ्या मुलाच्या हातून काच फुटणारच, आणि फुटलेल्या काचेचे पैसे मजुरीतून कापले जातील या धास्तीने तो हिऱ्याच्या कलमाला हातच लावणार नाही. मग तो शिकणार कसा?

योगायोग असा, की याच सुमारास आपल्या देशातही उमेदवारीचा कायदा झाला. कंपनी सरकारचा १८५० चा एकोणिसावा कायदा अनाथ आणि गरीब मुलांना हुन्नर शिकून पुढे पोट भरता यावे, याच हेतूने केलेला होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बापाने किंवा पालकाने जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत उमेदवार म्हणून बांधून द्यावे, अशी त्यात तरतूद होती. दोन्हीकडचा हेतू एकच. पण तुरीनच्या कागदावर मुलाचे नाव ठाऊक असणारा, त्याला कामावर जाऊन भेटणारा माणूस सही करीत होता. कायद्याला हे जमत नाही, आणि त्यासाठी कायद्याला दोष देण्याचेही कारण नाही.

उमेदवारी संपली म्हणजे सारे संपत नाही. स्वतःच्या हिकमतीवर जगणाऱ्या कारागिराचे खरे भय आजारपण असते. नोकरदाराला रजा असते; सुतार तापाने पडला की त्याच दिवशी चूल थंडावते. डॉन बॉस्को यांनी याचाही विचार करारांच्या आधीच केला होता. १८५० साली त्यांच्या मुलांची परस्पर साहाय्य मंडळी सुरू झाली. प्रत्येकाने दर रविवारी एक सोल्दो, म्हणजे पाच सेंतेसिमी, द्यायचा. आजारी पडल्यास त्याला दररोज पन्नास सेंतेसिमी मिळायचे. मात्र सभासद होऊन सहा महिने झाल्यावाचून मदत नाही. हा हिशेब हळव्या दयाळूपणाचा नव्हे. दुकान चालविणाऱ्या माणसाला बचत, वर्गणी आणि मुदत हे तीन शब्द आधी शिकावे लागतात, आणि ते येथे दर रविवारी शिकविले जात होते.

पुढे १८५३ साली त्यांनी मुलांना बाहेर पाठविण्याऐवजी व्हालदोक्को येथील आपल्याच घरात काम सुरू केले. शहरातील कारखान्यांतील भाषा आणि संगत हे एक मोठे कारण होते. एका अरुंद वाटेत चांभारकामाची बाके मांडली गेली, शिंपीकामही त्याच वर्षी सुरू झाले. १८५४ मध्ये पुस्तकबांधणी, १८५६ मध्ये सुतारकाम, १८६२ मध्ये लोहारकाम. पण घरात आणल्याने प्रश्न सुटला असे समजू नये. पगारी उस्ताद ठेवले तर त्यांना कामाची आच नसे. कामाचा नफा उस्तादाकडे सोपविला तर त्याचे लक्ष शिकविण्यापेक्षा मिळकतीकडे वळे आणि मुलगा पुन्हा हरकाम्या होई. बरीच वर्षे चाचपडल्यावर, स्वतः हुन्नर जाणणाऱ्या सालेशियन ब्रदरांच्या हाती कार्यशाळा आल्या, तेव्हा घडी बसली. १८८६ च्या त्यांच्या महासभेने हेतू स्पष्ट शब्दांत मांडला: बाहेर पडणाऱ्या मुलाला प्रामाणिकपणे पोट भरता येईल असा धंदा यावा, त्या धंद्याला लागणारे शास्त्र यावे आणि धर्माचे ज्ञान असावे.

सालेशियन धर्मगुरू १९०६ साली तंजावरला आले, १९२८ साली मुंबईत. स्वतंत्र भारताने १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना चालविली. आज आपल्या तालुक्यांतून दिसणाऱ्या आयटीआय त्याच योजनेच्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने १८५० चा जुना कायदा रद्द केला. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

परंतु घरोघर नळ, दारे आणि विजेची बटणे दुरुस्त करणारा आमच्या धर्मग्रामातील कारागीर तीस माणसांचा धनी नसतो. त्याच्याबरोबर एकच मुलगा असतो, पिशवी आणि शिडी उचलणारा. आमच्या कुटुंबांत या कामाला अजूनही दुय्यम मानतात. दहावीला अडखळलेला मुलगा ‘निदान कुणाच्या तरी हाताखाली’ पाठवायचा, अशी भाषा आम्ही ऐकतो. हाताखाली पाठविताना किती दिवसांसाठी, काय शिकण्यासाठी आणि कोणत्या मजुरीवर, हे मात्र कोणी बोलत नाही. चार वर्षांनी त्या मुलाला वॉशर बदलता येतो, पण घराच्या नळजोडणीची आखणी करता येत नाही. भिंतीला भोक पाडता येते, पण तारा कुठून गेल्या असतील याचा अंदाज करता येत नाही. गिऱ्हाइकाला आधी खर्चाचा आकडा लिहून देता येत नाही. तरीही तो ड्रिल मशीन घेतो, कार्डे छापतो आणि धंदा सुरू करतो. पहिल्या मोठ्या कामात खोट येते, आणि मग तो पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली जातो, या वेळी कायमचा.

तुरीनचा कागद लिहायला वकील लागत नाही. मुदत, शिकवायच्या गोष्टी, मजुरी, सुटी आणि नुकसानीचे कलम, एवढे एका पानावर मावते. आपल्या धर्मग्रामातील कोणी उस्ताद, मुलगा आणि त्याचे आईवडील असे पान लिहून आणतील, तर चौथी सही करण्यास आम्ही तयार आहोत. मिस्सानंतर कार्यालयात यावे. मुलगा कामाला लागल्यावर महिन्यातून एकदा तेथे येऊन पाहण्याचे आम्ही पत्करतो.