मिरजेचे तांबे

गीतेचे सातशे श्लोक तांब्याच्या पत्र्यांवर उलटे कोरायचे, हे काम मिरजेत झाले. गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता १८०५ मध्ये छापली गेली. मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना लिनोवर नुसता ‘श्री’ उलटा कोरायला सांगितला, तरी वेलांटी भलतीकडे जायची. म्हणून त्या कारागिराच्या मनगटाला माझा आधी नमस्कार.

तो पुण्याचा तांबट. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या उत्तेजनाने ही विद्या शिकला आणि नाना फडणवीसांसाठी गीता कोरायला बसला. १८०० मध्ये नाना गेले, तेव्हा तो मिरजेला आला, असे सांगतात.

विद्या मूळची युरोपातली. कोरणीने रेघ खणायची, तिच्यात शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद घालून पत्रा रुळांखालून काढायचा. सोळाव्या शतकात रोममध्ये आंतोनियो लाफ्रेरी अशीच छापलेली जुन्या रोमची चित्रे विकी. त्यांतली सगळीच पडझडीची नसत. ढासळलेला भाग चित्रकार मनाने पुरा करत. पिर्रो लिगोरियोने तर १५६१ मध्ये अख्खे प्राचीन रोम नकाशात पुन्हा उभे केले. नकलाकाराच्या पत्र्यातून कधी इमारत उलटी छापून येई, पण गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नसे.

आपल्याकडेही जुन्या वास्तूंची अशी चित्रे तांब्यावरून छापणे जुळून येण्याजोगे होते. मॅलेटने शनिवारवाड्यात चित्रशाळा काढली, शिकवायला चित्रकार जेम्स वेल्स. तिथे गंगाराम चिंतामण तांबट तयार झाला. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये काढला. वेरूळ-कार्ल्याची लेणीही काढली. पण लेणी तांब्यावर चढली ती विलायतेत. वेल्स १७९५ मध्ये वारला, आणि त्याच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला वेरूळची चोवीस दृश्ये छापली. गंगारामची चित्रे आज अमेरिकेत, येलच्या संग्रहात आहेत.

म्हणजे चित्रे गेली साहेबाबरोबर, आणि कोरणी राहिली अक्षरांपाशी. अक्षरांना तांबे परवडत नाही. एका पानाचा पत्रा दुसऱ्या पानाला निरुपयोगी. त्याच १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. खिळे सोडवून पुन्हा जुळवता येतात, तिथे पत्र्याचा काय पाड!

तांब्याचे खरे काम चित्राचे. सातशे श्लोक पुरे करणाऱ्या हाताला वाईजवळचा नानांचाच मेणवलीचा घाट काय जड होता? पायऱ्या, देऊळ, वाडा. आरशासारखे उलटायची कटकटसुद्धा नको. फार तर कृष्णा उलट्या अंगाने वाहिली असती.