विज्ञान-मासिके आणि संशोधक



सामान्य वाचकांसाठी निघणारी विज्ञान-मासिके प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांच्या काही उपयोगाची असतात काय, हा प्रश्न मी आजच्या व्याख्यानासाठी निवडला आहे. 'ती विद्यार्थ्यांसाठी ठीक. शास्त्रज्ञाने मूळ शोधनिबंधच वाचावेत' असे उत्तर सहसा मिळते. ते अर्धेच खरे आहे.

आपल्यापैकीच एका शिक्षकाचे उदाहरण घेऊ. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. आपल्या बेळगावच्या कॅम्पाप्रमाणे देवळालीही लष्करी छावणीचे गाव. संशोधनसंस्था तेथे नव्हती. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करा आणि हीच कृती पुढे चालवा. ३५२४ घेतल्यास प्रथम ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्या वेळी ६१७४ येते. फार तर सात पायऱ्यांत सर्व संख्या तेथेच पोचतात. अनेक पंडितांनी हा केवळ आकड्यांचा खेळ मानला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, आणि त्यांचे नाव जगभरच्या गणितज्ञांपर्यंत गेले.

त्याच सदरात ऑगस्ट १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची नवी गुप्तलेखन-पद्धती प्रसिद्ध झाली. त्यांचा शोधनिबंध छापून आला तो फेब्रुवारी १९७८ मध्ये. म्हणजे येथे मासिक शोधपत्रिकेच्याही पुढे होते.

ही अपवादात्मक उदाहरणे आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. त्यासाठी १९९१ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगतो. 'न्यू यॉर्क टाइम्स' या दैनिकाने दखल घेतलेल्या वैद्यकीय निबंधांचा उल्लेख पुढील वर्षात इतर संशोधकांनी सुमारे ७३ टक्के अधिक वेळा केला. चांगले निबंधच निवडले गेले असतील, ही शंका रास्त आहे. पण १९७८ च्या संपात, बारा आठवडे, पत्राचे अंक विक्रीस आले नाहीत. संपादकांनी त्या काळात निवडलेल्या निबंधांना असा लाभ मिळाला नाही. अर्थात लाभ निवडीचा नव्हता, प्रसिद्धीचा होता.

यावरून मी निष्कर्ष काढतो तो असा : स्वतःच्या विषयात शास्त्रज्ञाला मासिक पुरे पडत नाही, तेथे प्रयोगाचा तपशील, आकडे आणि पुरावे मूळ निबंधातच पाहावे लागतात. परंतु आपल्या विषयाचे कुंपण ओलांडताच तोही सामान्य वाचकच होतो. तेथे त्याला मासिकच वाट दाखवते.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील मूल मराठीत शिकते, बाजारात कन्नड ऐकते आणि पुढे संशोधनासाठी इंग्रजीकडे वळते. १९२८ साली पुण्यात सुरू झालेले 'सृष्टिज्ञान' आणि १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका यांनी विज्ञानाला मराठी शब्द दिले. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, अभियंते वा संशोधक झाले आहेत, त्यांना माझी विनंती आहे : आपण ही मासिके वाचावीतच, पण वर्षातून एक लेख त्यांच्यासाठी लिहावा. निपाणीच्या एखाद्या शाळेत आज अंकांशी खेळणारा कोणी कापरेकर बसला असेल, तर आपले काम त्याच्यापर्यंत आणि त्याचे आपल्यापर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.