जामसांवलीचा मारुती आणि उदासीची मोजपट्टी

मंगळवारी आणि शनिवारी जामसांवलीला पाय ठेवायला जागा नसते. पिंपळाखाली निद्रिस्त मुद्रेतील मारुतीराया आणि त्याच्या नाभीतून झिरपणारे तीर्थ यांविषयी सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी घरांना नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ते तीर्थ बाटलीत भरून आणले आहे. अंगात येणारे, भ्रमिष्ट झालेले, अबोल झालेले अशांना घेऊन लोक येथे येतात, आणि काही जण तर आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात.

काही वर्षांपूर्वी तेथील ओट्यावर एक गोंड म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असावा. मी सहज विचारले, "काय होतं याला, बाई?" ती म्हणाली, "काय सांगू दादा, शाळेतून आला तवापासून गप आहे. जेवते, झोपते, पण मन नाही लागत त्याचं कुठी." मुलाने मान वर केली नाही.

डॉक्टर या अवस्थेला नैराश्य म्हणतील. ते किती आहे, दोन वर्षांनी वाढले की घटले, हे मोजण्याची साधनेही आता उपलब्ध आहेत. परंतु त्या मुलाचे मोजायचे म्हणजे नेमके काय मोजायचे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडीत नाही. शोध घेता असे दिसले की आदिवासींची उदासी मोजण्याचा एक जुना प्रयत्न आपल्याच जुन्या मध्यप्रांताच्या परिसरात झालेला आहे.

वेरियर एल्विन १९३२ साली आपले मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे येऊन राहिले. १९४१ साली त्यांनी 'लॉस ऑफ नर्व्ह' ही पुस्तिका लिहिली. बस्तर संस्थान आणि मध्यप्रांत येथील आदिवासींची तुलना करून त्यांनी म्हटले की जंगल, बेवर शेती आणि घरची दारू हिरावली गेल्याने या माणसांची जगण्याची उमेदच खचली आहे. बैगांच्या फिरत्या शेतीला सरकारने १८९० साली 'बैगा चक' या मर्यादित टापूत कोंडले होते, ही गोष्ट एल्विन यांच्या डोळ्यांपुढची होती. पुढे १९४३ साली त्यांचा 'मारिया मर्डर अँड सुइसाइड' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बस्तरच्या मारियांमधील खुनाच्या शंभर खटल्यांचा आणि त्याबरोबर आत्महत्यांचा त्यात अभ्यास आहे. त्यासाठी त्यांनी न्यायालयांची दप्तरे पाहिली, तुरुंगातील कैद्यांशी ते बोलले. मनाच्या दुखण्याला कोष्टकात बसविण्याचा हा प्रयत्न मोलाचा आहे. पण दप्तरात येते ते पोलिसांपर्यंत पोहोचलेले दुःख. जे पोरगे नुसतेच गप्प बसते, त्याची नोंद कोठल्याही ठाण्यात होत नाही.

त्याच १९४३ साली मुंबईहून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी एल्विन यांना सडेतोड उत्तर दिले. आदिवासी हे मागासलेले हिंदूच होत, त्यांना वेगळे ठेवणे हा इलाज नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हा वाद आपल्या पिढीने महाविद्यालयात वाचला आणि त्यात आपण बहुधा घुर्ये यांच्या बाजूने होतो. आज मला वाटते की त्या वादात दोन्ही पक्षांनी आदिवासींविषयी पुष्कळ सांगितले, पण आदिवासी मुलाला काय वाटते हे त्याच्याच शब्दांत विचारून मोजण्याचे काम राहूनच गेले.

या बाबतीत मीही निर्दोष नाही. शासकीय सेवेत असताना एका आदिवासी वसतिगृहाची तपासणी माझ्याकडे आली होती. छापील नमुन्यात उपस्थिती, वजन, गणवेश आणि आरोग्य असे रकाने होते. भिंतीशी एक मुलगा गुडघ्यांत मान घालून बसला होता. "लाजाळू आहे, साहेब," असे मला सांगण्यात आले. मी आरोग्याच्या रकान्यात 'ठीक' लिहून सही केली. दिवाळीला घरी गेलेला तो मुलगा परत आला नाही. पुढच्या तपासणीत त्याच्या नावापुढे 'घरगुती कारण' असे वाचावयास मिळाले.

मोजपट्ट्या तोवर जगात तयार होत्या. मॅक्स हॅमिल्टन यांची १९६० साली, ॲरन बेक यांची १९६१ साली, आणि समाजाच्या पाहणीसाठी लेनोर रॅडलॉफ यांची १९७७ साली. या शेवटच्या प्रश्नावलीत वीस विधाने असून गेल्या आठवड्यात तसे किती वेळा वाटले, याला शून्य ते तीन गुण देतात. साठपैकी सोळा किंवा अधिक गुण आले की नैराश्याची शंका घ्यायची. पाहायला गेले तर काम तलाठ्यालाही जमेल इतके सोपे.

अडचण विधानांत आहे. नेहमीपेक्षा कमी बोललो का, असे एक विधान त्यात आहे. परक्या मोठ्या माणसापुढे कमी बोलणे ही गोंड-कोरकू घरातील रीत आहे. लोक आपल्याशी फटकून वागले का, असे आणखी एक. ज्या मुलाला बाजारात खरोखरच फटकारून बोलतात, त्याचे 'होय' हे दुखण्याचे लक्षण मानायचे की खरी साक्ष? पुन्हा तोच मुलगा बारा वर्षांचा असताना झोपमोडीचे कारण घरची आठवण असते. सोळाव्या वर्षी तो रानडुकरांपासून मका राखण्यासाठी माळ्यावर जागतो. गुण दोन्ही वेळा सारखेच पडतील. कापड मोजताना गजच जर उन्हात ताणला जात असेल, तर कापड वाढले असे दुकानदाराने कसे म्हणावे?

अमेरिकेतील मूलनिवासींमध्ये ही शंका आधी घेतली गेली. स्पिरो मॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली होपी लोकांविषयी दाखविले की त्यांच्या भाषेत 'डिप्रेशन'ला एक शब्दच नाही. काळजीचा आजार, दुःखी असणे, काळीज तुटणे, अशा निरनिराळ्या अवस्था ते मानतात. अपराध, लाज आणि पाप यांना एकाच प्रश्नात गोवलेले त्यांना पटेना; त्या तीन गोष्टी तीन प्रश्नांत विचाराव्या लागल्या. १९९० साली मॅन्सन यांनीच रॅडलॉफ यांची प्रश्नावली निवासी शाळेतील मूलनिवासी मुलांवर तपासली, तेव्हा मनाची उदासी आणि शरीराच्या तक्रारी ही दोन खाती वेगळी पडेनात. आपल्याकडे 'जीव घाबरा होतो' म्हणणारी बाई मनाचे सांगते की छातीचे, हे कोण वेगळे करू शकेल?

पुढे नेब्रास्का विद्यापीठाचे लेस व्हिटबेक यांनी २००२ पासून अमेरिका व कॅनडातील राखीव वसाहतींतील दहा ते बारा वर्षांची सातशेहून अधिक मुले घेऊन त्यांच्याकडे वर्षामागून वर्षे, आठ वेळा, चौकशी केली. एकाच मुलाला पुनःपुन्हा विचारणे, आणि प्रश्नाचा अर्थ त्याच्या वयाबरोबर सरकला का हे पाहणे, हे त्यामुळे शक्य झाले. त्यांनी २००४ साली आणखी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, ऐतिहासिक हानीची. जमीन गेली, भाषा गेली, याचा विचार तुमच्या मनात किती वेळा येतो, असे तीत विचारतात. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या मनातही हे विचार त्यांना सांभाळणाऱ्या आया-आज्यांइतकेच येतात, असे २००९ साली आढळले. एल्विन यांनी १९४१ साली जे डोळ्यांनी पाहून लिहिले, ते येथे मुलांच्या उत्तरांतून आले.

हे वाचून मी अस्वस्थ झालो, कारण देवगडच्या गोंड राजांच्या या मुलखात आपण भोसल्यांच्या मागोमाग आलो. नागपूर वसविणारा बख्त बुलंदही देवगडचाच. १९५१ साली मालगुजारी गेली, पण त्याआधीच्या जमाखर्चाच्या वह्या आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर अजून आहेत. कोणाची पडीक जमीन किती कर्जात आली, हे त्यांत मोडी अक्षरांत लिहिलेले आहे. ओट्यावरच्या मुलाला ती प्रश्नावली दिली असती, तर त्याच्या उत्तरांत आपली वहीही असती.

आपल्या देशातील आकडे वाचताना सरकारी सवयीला आवर घालावा लागतो. गोव्यात बारा ते सोळा वर्षांच्या २०४८ मुलांच्या पाहणीत मानसिक विकारांचे प्रमाण १.८१ टक्के आढळले. ते २००८ साली प्रसिद्ध झाले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटात ते ७.३ टक्के निघाले. माझ्या जुन्या कार्यालयात याचे टिपण 'चौपट वाढ' असे झाले असते. मुले वेगळी, प्रदेश वेगळा, साधने वेगळी. वाढ सिद्धच होत नाही. याउलट आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत 'विश्राम' कार्यक्रमात एकाच प्रश्नावलीने दीड वर्षाच्या अंतराने पाहणी झाली. प्रौढांमधील नैराश्य १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले आणि उपचारापर्यंत पोहोचणारे ४.३ वरून २७.२ टक्के झाले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. वरूडपलीकडचे हे काम पांढुर्ण्याला अशक्य नाही. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे.

आणि देवस्थान? तामिळनाडूतील एका मुथुस्वामी मंदिरात मुक्कामाला आलेल्या ३१ रुग्णांची आल्यावर आणि जाताना अशी दोनदा मोजणी डॉ. रघुराम आणि सहकाऱ्यांनी केली. लक्षणांचे गुण सुमारे एकपंचमांशाने उतरले होते. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. त्याआधीच्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, त्याच राज्यात एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या निवासात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मरण पावले होते. मंदिर-दर्ग्यांची सरसकट भलामण करणाऱ्यांनी आणि सरसकट टवाळी करणाऱ्यांनीही या दोन्ही घटना शेजारी ठेवून वाचाव्यात.

त्या दिवशी आरती झाल्यावर म्हातारीने तीर्थ नातवाच्या ओंजळीत ओतले. मी त्याला शाळेचे नाव विचारले. त्याने सांगितले नाही. मग मी गाव विचारले. त्याने आजीकडे पाहिले आणि गोंडीत काहीतरी म्हटले. ती हसली. "काय म्हणतो?" मी विचारले. ती म्हणाली, "म्हणते, या बाबाले आपली बोली येते का विचार."

मला येत नव्हती. चौतीस वर्षे मी या लोकांमध्ये नोकरी केली.