तिगरा : एका रविवारची आठवण

वाचकहो, तिगऱ्याला तुम्ही गेला असालच. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पावसाळ्यातली एक चक्कर तिकडे ठरलेली असते. डबे घ्यायचे, भिंतीवर उभे राहून पाणी कुठवर आले ते बघायचे, आणि यंदा 740 फुटांची पूर्ण पातळी गाठली की नाही यावर परतताना गाडीत वाद घालायचा. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा आधार हेच धरण. आम्हा जैनांच्या घरी पाणी गाळूनच प्यायची रीत, त्यामुळे लहानपणापासून रोज सकाळी छन्न्याखाली पडणारी धार मी तिगऱ्याची म्हणूनच पाहिली. पण हे धरण एकदा फुटले होते, हे मला घरात कोणी सांगितले नाही. तुम्हाला सांगितले होते का?

मला ते दवाखान्यात कळले. होमिओपॅथीत रोग्याची हकिकत सविस्तर घ्यावी लागते. वडिलांना काय होते, आजी कशाने गेली, असे विचारत विचारत मागे जावे लागते. मुरैन्याच्या बाजूच्या एका खेड्यातले वयस्क गृहस्थ दम्यासाठी येत. आजीचे जन्मसाल विचारले, तर म्हणाले, ‘‘डॉक्टर साहब, वो तिगरा फूटने के साल की थीं.’’ मी पेन खाली ठेवले. त्यांच्याकडे ते कालगणनेचे साल होते, आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती.

ते साल 1917. धरण सांक नदीवर. ग्वाल्हेरहून मुरैन्याकडे जाताना ही नदी ओलांडावी लागते. उन्हाळ्यात पाहिली तर हिला नदी कशाला म्हणायचे असा प्रश्न पडतो. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, शहराला पाणी मिळावे म्हणून तिच्यावर भिंत घातली गेली. दगड आणि चुना यांचे बांधकाम, उंची 24 मीटर, लांबी 1341 मीटर. विश्वेश्वरय्यांनी जे स्वयंचलित दरवाजे 1903 साली पुण्याजवळ खडकवासल्याला प्रथम बसवले, ते पुढे जिथे वापरले गेले त्या ठिकाणांत कृष्णराजसागराबरोबर तिगऱ्याचेही नाव घेतले जाते. त्या काळातले चांगले ज्ञान या कामाच्या आसपास होते, हे लक्षात ठेवा. अडाणीपणाने बांधलेली ही भिंत नव्हती.

1917 चा पावसाळा आला तेव्हा धरण नवेकोरे होते. 19 ऑगस्ट, रविवार. पुराचे पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागले. सुमारे 400 मीटर लांबीवर पाऊण मीटरहून अधिक जाडीचा थर. दुपारी भिंतीचे दोन मोठे भाग जागचे सरकले. कोसळले म्हणण्यापेक्षा सरकले हाच शब्द बरोबर आहे, कारण दगडकाम एकसंध राहून पाण्याने ते पुढे ढकलले गेले. खालच्या बाजूची सुमारे 1000 माणसे मेली असे सांगतात. आकडा गोल आहे. गोल आकड्यात माणसे दिसत नाहीत.

हे का झाले, ते जरा सावकाश समजून घेऊ. दगडी धरण नुसत्या वजनावर उभे असते. पाणी त्याला आडवे ढकलते, आणि तो रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. 12 मीटर पाणी असेल तर भिंतीच्या दर एक मीटर लांबीवर 72 टन. पाणी दुप्पट, म्हणजे 24 मीटर झाले की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो : 288 टन. 22 वरून 24 मीटरवर जाताना, त्या शेवटच्या दोन मीटरांत, 46 टन वाढतात. आपण भिंतीवर उभे राहून ‘‘भरलं, भरलं’’ म्हणतो ते नेमके तेव्हा.

हा रेटा सगळे अभियंते हिशेबात धरत असत. दुसरा एक दाब असतो, तो दिसत नाही. तिगऱ्याचा पाया वालुकाश्मावर आहे. हा खडक थराथरांचा, आणि थरांच्या सांध्यांतून पाणी आत शिरते. भिंतीखाली शिरलेले पाणी तिला खालून वर उचलू पाहते. भिंत हवेत जात नाही हे खरे. पण जमिनीवर टेकलेले तिचे वजन तेवढ्याने कमी होते, आणि ज्या घर्षणावर ती उभी असते ते घटते. मग आडवा रेटा तोच असला तरी ती सरकू शकते. तिगऱ्याला पायात पाणी मुरलेले, माथ्यावरून पूर चाललेला. दोन्ही एकाच वेळी.

फ्रान्समध्ये बूझे येथले धरण एप्रिल 1895 मध्ये फुटले, ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर युरोपातले अभियंते या खालच्या दाबाविषयी गांभीर्याने लिहू लागले. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात ऑस्टिन गावाजवळची काँक्रीटची भिंत 30 सप्टेंबर 1911 रोजी अशीच सरकली, 78 मृत्यू. म्हणजे 1917 साली हे ज्ञान जगात होते. ते सर्वत्र रुजले नव्हते. माझ्या धंद्यात हे नेहमीचे आहे : रोगाचे कारण पुस्तकात छापून येते त्या दिवसापासून रोगी वाचू लागतात असे नाही. म्हणून त्या वेळच्या बांधणाऱ्यांवर आज खटला भरण्यात मला रस नाही.

माझी तक्रार आपल्याशी आहे, माझ्यासकट. पानशेत म्हटले की ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी माणसालाही 12 जुलै 1961 आठवते. कुणाची तरी मावशी शनिवारात असते, कुणाची पुस्तके वाहून गेलेली असतात. ते पाणी पुण्यात, आपल्या माणसांच्या वाड्यांत शिरले होते. तिगऱ्याचे पाणी लष्करात शिरले नाही. धरण आपल्या शहरासाठी, आणि बुडाले ते सांककाठचे खेडूत. आपल्या घरांत शिंदेशाहीच्या आठवणी काय कमी आहेत? कुठला तलाव, कुठली शाळा, कुठला राजवाडा कोणी बांधला ते आपण नातवंडांना तोंडपाठ सांगतो. कुणाच्या पणजोबांची सही कुठल्या कामाच्या कागदावर होती तेही सांगतो. त्या यादीतून हा एक रविवार मात्र गळला. राजावर प्रेम होते म्हणून गळला असेल, असे मला एके काळी वाटे. आता वाटते की ज्यांचे मेले ते आपल्या पंगतीला नव्हते, हे त्याचे साधे कारण आहे.

1929 साली धरण पुन्हा उभे राहिले. त्या नव्या बांधणीचीही आता शंभरी जवळ आली. धरणाचे वय म्हणजे काय? पाणी झिरपत राहिले की सांध्यांतला चुना थोडा थोडा विरघळून बाहेर येतो आणि कोरड्या अंगाला पांढरे ओघळ दिसू लागतात. तळाशी गाळ साठतो. दरवाज्यांचे लोखंड झिजते. दगडी भिंत थोडीफार पाझरतेच, त्याने घाबरून जायचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच, की तीच पातळी असताना पाझर गेल्या वर्षीपेक्षा वाढला का, आणि येणारे पाणी नितळ आहे की गढूळ. गढूळ असेल तर ते आतले काही तरी घेऊन येत आहे. ही गोष्ट एका नजरेत कळत नाही. वर्षानुवर्षांची मापे शेजारी ठेवावी लागतात. ताप एकदा पाहून टायफॉइड ओळखता येत नाही, तक्ता लागतो.

गळतीकडे पाहणे आणि न पाहणे यांची दोन उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिवऱ्याचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले, वीसहून अधिक माणसे गेली. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. आणि ऑगस्ट 2022 मध्ये आपल्याच राज्यात, धार जिल्ह्यात, कारम नदीवरचे मातीचे धरण गळू लागले, तेव्हा खालची 18 गावे रिकामी केली, बाजूने चर खणून पाणी काढून दिले. बांधकामाच्या दर्जाविषयी जे बोलायचे ते लोक बोललेच, पण माणूस एकही दगावला नाही.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने 15 मीटरहून उंच धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली आहे. धरण फुटलेच तर कुणाला, कसे, किती वेळात कळवायचे याचा आराखडाही करायला सांगितला आहे. त्यासाठी कायद्याने 5 वर्षे दिली. तिगरा 24 मीटरचे, तेव्हा तो यात येतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. पावसाळ्यापूर्वीचा तपासणी अहवाल मागा, पाझराची मापे मागा, आणि आराखड्यात सांककाठची कोणती गावे आहेत ते मागा. आपल्या मंडळात निवृत्त अभियंते निदान पाच तरी आहेत. कागद हाती आले की वाचायला त्यांना बसवू. मी माझा अर्ज या महिन्यात टाकतो आहे.

त्या दम्याच्या रोग्याचा मुलगा अजून औषधाला येतो. परवा त्याला विचारले, पूर आला तर तुमच्या गावाला कसे कळते? म्हणाला, पटवारी फोन करतो. आणि पटवाऱ्याला? ते त्याला ठाऊक नव्हते.