मराठीतील कर्मचिन्ह : एका विभक्तीचा लोप आणि नवी घडण

संस्कृत व्याकरणाच्या साच्यावर मराठीचे विभक्तिकोष्टक मांडण्याची प्रथा दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील व्याकरणानंतर दृढ होत गेली. शालेय परंपरेतील त्या कोष्टकात द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकच दिसतात. शिवाय ‘तो पुस्तक वाचतो’ ह्या वाक्यात कर्म असूनही त्याला कोणताच प्रत्यय लागलेला नाही. तेव्हा द्वितीया स्वतंत्र विभक्ती मानावी काय, आणि मानल्यास प्रत्ययरहित कर्म कोठे घालावे, असा पेच उभा राहतो. कर्मचिन्हाचा इतिहास पाहिला असता हा पेच भाषेचा नसून साच्याचा आहे असे आढळते.

ज्या परंपरेतून हा साचा घेतला, तिने अर्थ आणि रूप यांची अशी गल्लत केलेली नव्हती. पाणिनीने कर्म हे कारक आणि द्वितीया ही विभक्ती यांचे विवेचन निरनिराळ्या ठिकाणी केले आहे. कर्मणि प्रयोगात कर्म क्रियापदानेच उक्त झाल्यामुळे ते प्रथमेत येते. स्मरणार्थक धातूंच्या कर्माला षष्ठीही होते. कारक एक आणि रूपे अनेक, हे तेथे मुळातच गृहीत आहे.

पुढे ध्वनिपरिवर्तनाने ही रूपे झिजली. नपुंसकलिंगी नामांची प्रथमा व द्वितीया संस्कृतातही सारखीच होती. अपभ्रंशाच्या अवस्थेत पुल्लिंगी एकवचनातही तो भेद उरला नाही. चतुर्थी तर त्याआधीच प्राकृतात बहुतांशी लोपून तिचे कार्य षष्ठीने पत्करले होते. षष्ठीच्या ‘-स्स’ ह्या प्राकृत रूपातून मराठीचा ‘-स’ आला असे सामान्यतः मानले जाते. ‘-ला’ च्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. ‘लग्’ धातूशी त्याचा संबंध जोडणारे मत प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘-तें’ व ‘-सि’ यांचा वावर मोठा असून ‘-ला’ चे प्राबल्य मागाहूनचे आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, जुनी द्वितीया मराठीपर्यंत पोहोचलीच नाही. संप्रदानाचे चिन्ह कर्माकडे सरकले, आणि तेही सर्व कर्मांकडे नव्हे.

असाच क्रम अन्यत्रही घडला आहे. डेरियसच्या बिसुतून शिलालेखातील प्राचीन फारसीत ‘रादिय्’ हा शब्द ‘कारणाने’ ह्या अर्थी येतो. मध्य फारसीत त्याचे ‘राय्’ होऊन ते हेतू व संप्रदान दर्शवू लागले, आणि आधुनिक फारसीत ‘रा’ हे निश्चित कर्माचे चिन्ह ठरले. ‘केताब खरीदम’ म्हणजे पुस्तकखरेदी केली. ‘केताब रा खरीदम’ म्हणजे ते विशिष्ट पुस्तक घेतले. लॅटिनची द्वितीया लोपल्यावर स्पॅनिशने ‘कडे’ ह्या अर्थाच्या ‘आद्’ पासून आलेला ‘आ’ योजला. ‘बुस्को उन मेदिको’ म्हणजे कोणी तरी डॉक्टर हवा आहे. ‘बुस्को आ उन मेदिको’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात एक विशिष्ट डॉक्टर असतो. मराठीतील ‘डॉक्टर शोधतो आहे’ आणि ‘डॉक्टरांना शोधतो आहे’ ही जोडी ह्याच जातीची होय. तथापि कसोटी सर्वत्र एक नाही. फारसीत निश्चितता प्रधान आहे. स्पॅनिश व मराठीत सजीवतेचे, विशेषतः मनुष्यत्वाचे, वजन अधिक. म्हणूनच ‘मी ते पुस्तक वाचले’ येथे कर्म निश्चित असूनही मराठीला ‘-ला’ ची गरज भासत नाही. ‘मला’, ‘तुला’ यांना मात्र पर्याय नाही.

मायकेल सिल्व्हरस्टाइन यांनी १९७६ मध्ये सर्वनामांपासून निर्जीव नामांपर्यंतची एक श्रेणी मांडली, आणि गेओर्ग बोसोंग यांनी १९८५ मध्ये नव्या इराणी भाषांच्या आधारे ह्या विभेदी कर्मचिन्हनाचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. ह्या व्यवस्थेची एक नेहमीची उपपत्ती अशी : सजीव व निश्चित नाम बहुधा कर्ता असते, ते कर्म झाले की घोटाळा टाळण्यासाठी चिन्ह लागते. ही उपपत्ती मराठीपुरती अपुरी पडते. ‘शिपायाने चोर पकडला’ आणि ‘शिपायाने चोराला पकडले’ ह्या दोन्ही वाक्यांत ‘-ने’ मुळे कर्ता आधीच स्पष्ट आहे. घोटाळ्याला वाव नसतानाही दुसऱ्या वाक्यात ‘-ला’ येतो, आणि त्याबरोबर क्रियापद कर्माशी असलेली जुळणी सोडून नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावते. हा परिणामही अपरिहार्य नव्हे. शेजारच्या गुजरातीत ‘रामे सीताने जोई’ असे म्हणताना चिन्हांकित कर्माशीही क्रियापद जुळते. म्हणजे कर्मचिन्ह आणि क्रियापदाची जुळणी ह्या दोन स्वतंत्र व्यवस्था असून प्रत्येक भाषेने त्यांची सांगड आपल्या परीने घातली आहे.

तात्पर्य, ‘पुस्तक वाचतो’ मधील कर्म हे प्रत्यय गमावलेली द्वितीया नव्हे, आणि ‘चोराला’ हे तिचे अवशिष्ट रूपही नव्हे. चिन्ह असणे व नसणे ह्या एकाच नव्या व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. कर्म हा संबंध कायम ठेवून त्याच्या रूपाचा विचार वेगळा केल्यास मराठी व्याकरणातील द्वितीयेचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. आणि असे करणे हे पाणिनीपासून दूर जाणे नसून त्याच्या पद्धतीकडे परत येणे होय.